वाडीच्या टोकाची माती

माझी वांगी मुळासकट उपटून कुंपणाशी टाकलेली होती. फुलावर आलेली वांगी. काहींना तर अंगठ्याएवढी फळंही धरली होती.

मी परडी घेऊन गेले होते, कालवणात घालायला चार कोवळी वांगी आणि माठाची एक जुडी काढायला. समोर बघते तर आमचे थोरले भाऊजी, त्रिंबकभाऊजी, हातात सुतळीचं गुंडाळं घेऊन उभे, आणि माझ्या वाफ्यांत बांबूच्या खुंट्या ठोकलेल्या.

"हे काय हो भाऊजी?"

"दिसत नाही? आखणी करतोय."

"कसली आखणी?"

"पानवेलाची. विहिरीजवळच्या वेलांना मर लागलीय, तुला ठाऊकच आहे. नवी जागा पाहिजे. काल तुम्ही बायका देवळात गेलात तेव्हा जनूकाका येऊन माती बघून गेले. म्हणाले, त्रिंबका, लोण्यासारखी माती आहे, ही सोडू नकोस."

"आणि माझी वांगी?"

"वांगी बाजारात मिळतात."

आता माझी नातवंडं खांद्याला लागलीत. पण ते वाक्य आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. जाऊ दे गेली तर. काही राग विझवायचे नसतात.

आमची वाडी अलिबागेच्या दक्षिणेला, अगदी समुद्राला लागून. घराजवळ नारळ-पोफळी, विहीर, विहिरीशेजारी पानवेल. त्या पानांचा भाऊजींना भारी गर्व. देवीच्या विड्याला पान जायचं ते आमच्याच वाडीतलं. सासू-सासरे मी येण्याआधीच गेलेले. घरात भाऊजी, त्यांची बायको गुणावहिनी आणि मी. आमचे हे मुंबईला गोदीत. सणासुदीला यायचे, दादासमोर मान खाली घालून जेवायचे आणि परत जायचे. म्हणजे घरात शब्द एकट्या भाऊजींचा.

वाडीचं समुद्राकडचं टोक मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. निव्वळ वाळू. कळशीभर पाणी ओतावं तर भांडं सरळ करेपर्यंत जमीन कोरडी. तिथे केतकी आणि काटे सोडले तर काही नव्हतं, आणि एक नारळाच्या झापांची खोपी होती. आमच्या घरात बाईला महिन्याचे ते चार दिवस उंबऱ्याच्या आत ठेवत नसत. ती खोपी त्यासाठी. पाण्यालासुद्धा वेगळी, बुटकी विहीर, कारण मोठ्या विहिरीला आमचा हात लागायचा नाही. तुळस, लोणचं, पानवेल, हिरवं काही म्हणून शिवायचं नाही. शिवलं तर जळतं म्हणे.

माझ्या माहेरी असलं काही नव्हतं. पहिल्यांदा त्या खोपीत बसले तेव्हा रडले. पुढच्या खेपेला कंटाळले. त्यानंतर चिडले, आणि मी चिडले की मला हात चालवायला लागतात.

वहिनी लांबून ताट सरकवायला आली तेव्हा तिला म्हटलं, "वहिनी, इथे काहीतरी लावते."

"अगो, या दिवसांत झाडाला हात लावतात का?"

"झाड कुठाय इथे? वाळू आहे."

वहिनी जरा विचार करून म्हणाली, "तेही खरंच. वाळूत काय जळायचंय? कर काय करायचं ते. मला काही विचारू नकोस आणि यांना काही सांगू नकोस."

तिथून सुरुवात. एरवी घरात मला पाणी प्यायला सवड नसायची. चूल, धुणी, भात कांडणं, नारळ सोलायला आलेल्या गड्यांची जेवणं. सकाळी धावत येऊन दोन कळश्या ओतून जाता आलं तर नशीब. खरं काम व्हायचं ते त्या चार दिवसांतच. तेव्हा मला कुणी हाक मारत नसे.

विकत काही आणायचा प्रश्नच नव्हता, मला कोण देणार? फुकट काय मिळतं तेच बघायचं. नारळाची सोडणं वाडीत ढिगाने पडलेली. गुडघाभर चर खणला आणि तळाला सोडणं उताणी मांडली, वाट्या मांडाव्यात तशी, म्हणजे पाणी त्यांत थांबेल. त्यावर वाळक्या पानांचा पातेरा, त्यावर शेण. मग हुशारी सुचली. समुद्राने वाहून आणलेलं शेवाळ ओलंच उचलून आणलं आणि जाड थर दिला. माठ पेरला. उगवला, दोन पानांवर आला, आणि सगळाच्या सगळा करपला.

मंजुळा कोळीण तिथूनच मासळी घेऊन जायची. माझं तोंड बघून हसायलाच लागली.

"वैनी, मीठ पेरलंस न् भाजी मागतेस? ते शेवाळ पावसात पडू दे की एक चौमास. खार धुतला पाहिजे."

मला माझाच राग आला. सगळं उकरलं, शेवाळ बाहेर काढून पावसाखाली पसरलं. मंजुळेकडून माशांची डोकी, आतडी, सडका जवळा मागून घेतला आणि खोल पुरला. वास असा सुटला की भाऊजी नाकाला पंचा लावून अंगणातून ओरडले, "त्या टोकाला काय मेलंय?" उन्हाळ्यात गावचं तळं आटलं तेव्हा पहाटे उठून गाळाच्या पाट्या डोक्यावरून आणल्या. गावातल्या बायका म्हणायच्या, त्रिंबकची धाकटी भावजय वाळूला माती चारते. चुलीची राख घातली. ताग पेरला आणि खत व्हावं म्हणून फुलायच्या आत कापून तिथेच गाडला. पहिल्या वर्षी काही नाही. दुसऱ्या वर्षी मूठभर माठ. तिसऱ्या पावसाळ्यानंतर फावडं मारलं तर खाली गांडूळ वळवळलं. मी तिथेच बसले आणि त्या गांडुळाकडे बघत राहिले. वेडीच झाले होते मी.

मग वांगी आली, चवळी आली, पडवळाचा मांडव झाला. भाऊजींच्या पानात भाजी पडायला लागली. "आज वांगं चांगलं झालंय," असं ते वहिनीला म्हणायचे. मला नाही. माझ्याशी ते कामापुरतंच बोलत.

एका गोष्टीचं मात्र मला नवल वाटायचं. कधी श्राद्ध, कधी पाहुणे, मला आठ-आठ दिवस तिकडे फिरकता यायचं नाही. सगळं सुकलं असणार असं धरून जावं तर माती ओलसर असायची. मी मनात म्हणायचे, बघा, सोडणांनी कसं पाणी धरलंय! एकदा तर पडवळाच्या टोकांना कुणी दगड बांधून ठेवलेले, पडवळ सरळ वाढावं म्हणून. मला वाटलं, मंजुळेनं बांधले असणार.

तर त्या दिवशी भाऊजींनी माझ्या वाफ्यात खुंट्या मारल्या होत्या.

"भाऊजी, ही माती मी केलीय. इथे नुसती वाळू होती. तुम्हीच म्हणायचात, कुत्रंसुद्धा हगायला जात नाही तिकडे."

"जमीन आमच्या बापाची आहे."

"जमीन असेल. माती माझी."

"मग ने की टोपलीत भरून!" ते हसले. "आणि हे बघ, उद्या सकाळी वेल लागणार. एकदा वेल लागला की तू इकडे यायचं नाहीस. पानमळ्यात बाईमाणसाची ये-जा चालत नाही. ती खोपीही पाडून पलीकडे केतकीत बांधू. तू आता पाय काढ इथनं."

मी तिथेच उभी राहिले. माझ्या मातीतून मलाच हाकलत होता हा माणूस. हातातली परडी त्याच्या डोक्यात घालावी असं वाटलं. खरंच वाटलं. त्याऐवजी उपटलेली वांगी गोळा केली, पदरात घेतली आणि घरी आले.

वहिनी नारळ खवत होती. मी वांगी तिच्यापुढे ओतली.

"बघ तुझ्या नवऱ्याचं काम!"

तिने बघितलं. खवणी थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

"वहिनी, तू काहीतरी बोल त्यांना. तुझं ऐकतील."

"माझं कधी ऐकलंय यांनी?"

"मग माझ्या बाजूने उभी तरी राहा!"

"गप बस गो. आवाज पडवीत जातोय."

"जाऊ दे!"

ती उठली, कोनाड्यातलं तबक काढलं आणि चिंच लावून घासायला बसली. उद्याच्या पूजेचं तबक. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हिला काही फरक पडत नाही. घरात उंडारलेला बैल शिरला तर त्यालाही ही हळदकुंकू लावेल. त्या दिवशी मी तिच्याशी एक अक्षर बोलले नाही. भांडी अशी आपटली की एका पातेल्याला पोचा पडला. तो पोचा अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनूकाका आले. पंचक्रोशीत पानवेल लावावा तर त्यांनीच. म्हातारा अनवाणी, अंगावर धूतवस्त्र, ओल्या फडक्यात गुंडाळलेली वेलाची कांडी छातीशी धरलेली. शेजारच्या वाड्यांमधले चार पुरुषही येऊन उभे होते. भाऊजींनी नवं धोतर नेसलेलं. वहिनी तबक घेऊन कडेला, पदर डोक्यावरून. मी पोफळीच्या आड. मला बोलावलं नव्हतं, पण 'येऊ नको' हे आज वेल लागल्यानंतरचं होतं, आणि वेल अजून लागला नव्हता.

वाफे सपाट केलेले. माझी माती उन्हात काळी दिसत होती. पडवळाचा मांडव मोडून सरपणात टाकला होता.

जनूकाकांच्या घराण्याची एक रीत होती. पहिलं कांडं जमिनीत घालायच्या आधी ते मालकाच्या हातात नारळ देत आणि विचारत. मालकाने नारळ हातात धरून खरं सांगायचं. मगच वेल लागायचा. खोटं बोललं तर वेल सुकतोच, वर त्या वाडीत जनूकाका पुन्हा पाऊल टाकत नाहीत, अशी ख्याती.

त्यांनी भाऊजींच्या हातात नारळ दिला.

"त्रिंबका, जागा तुझी?"

"माझी. बापापासूनची."

"भांडणाची नाही?"

"नाही."

मी दात आवळले.

"पानवेल सोवळा असतो. या मातीला कधी विटाळशीचा हात लागलेला नाही ना?"

"छे छे! खोपी इथे होती खरी, पण ती पाडली. गोमूत्र शिंपडलंय सगळीकडे."

"खोपीचं नाही विचारत मी. जागेवरचा विटाळ गोमूत्राने जातो. मातीत हात घातलेला असला तर ती माती चालत नाही. लागलाय हात?"

"नाही," भाऊजी म्हणाले. "आमच्या घरात बायका रीत पाळतात."

मी पोफळीआडून कधी बाहेर आले ते मला कळलंच नाही. माझे पाय चालत गेले.

"हातात नारळ धरून खोटं बोलू नका, भाऊजी."

सगळे वळले. भाऊजी लाल झाले. "तू कशाला आलीस इथे? घरी जा!"

"जाते. पण जनूकाकांना खरं उत्तर मिळू दे. काका, या मातीत हात माझे आहेत. आणि कुठल्या दिवसांतले, ते ऐका. मला त्या खोपीत बसवायचे ना, त्याच दिवसांतले! एरवी मला सवड कुठली? चर खणला तो तेव्हा. सोडणं मांडली तेव्हा. शेण कालवलं, मासळी पुरली, सगळं त्या चार-चार दिवसांत. या मातीत माझ्या विटाळाशिवाय दुसरं काहीही नाही!"

पुरुषमाणसांसमोर असला शब्द आमच्या घराण्यात कुठल्या बाईने उच्चारला नव्हता. एकजण खाकरला आणि समुद्राकडे बघायला लागला. मला लाज वाटत नव्हती, संताप येत होता. हे सांगायला मला एवढी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं.

"लाज आहे का हिला!" भाऊजी ओरडले. "काका, वेडी आहे ती. जागेच्या रागाने बरळतेय."

"वेडी? मग ती वांगी कुणी खाल्ली, भाऊजी? पडवळ? चवळीच्या शेंगा? हिरव्याला आमचा हात लागला की जळतं ना? भाजी यायला लागल्यापासून तीन वर्षं मी त्या रोपांना त्याच हाताने पाणी घातलंय. जळलं का काही? तुम्ही बोटं चाटून खाल्लंत. तुम्हाला काही झालं?"

"तोंड सांभाळ!"

"तुम्ही आधी नारळ सांभाळा!"

जनूकाकांनी कांड्यांचं फडकं पुन्हा छातीशी घेतलं. "त्रिंबका, खरं काय आहे? मला खरं पाहिजे."

भाऊजींनी इकडेतिकडे बघितलं. आणि मग वहिनीकडे हात केला. का करू नये? वीस वर्षांच्या संसारात तिने त्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता.

"हिला विचारा. घरातली मोठी आहे. गुणे, सांग काकांना. हिने त्या दिवसांत या मातीला हात लावला होता का?"

वहिनी तबक धरून उभी. निरांजन वाऱ्याने फडफडत होतं. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला ठाऊक होतं ती काय म्हणणार ते. 'नाही' म्हणेल, वेल लागेल, आणि या मातीत मला पाय ठेवता येणार नाही.

"एकटीने नाही लावला," वहिनी म्हणाली.

"म्हणजे काय?" भाऊजी म्हणाले.

"म्हणजे मीही लावला." तिने तबक खाली माझ्या मातीवर ठेवलं. "ती तिच्या दिवसांत करायची, मी माझ्या. ती घरात कामात अडकायची तेव्हा पाणी कोण घालत होतं? उन्हाळ्यात सांजसकाळ बुटक्या विहिरीवरून मी घातलंय. पडवळाला दगड मी बांधले. तण मी काढलं. मलाही तिथे बसून दुसरं काय होतं? माशा मारायच्या?"

आणि मी बाई सोडणांचं कौतुक करत होते!

"गुणे..."

"हातात नारळ आहे तुमच्या," वहिनी म्हणाली. "मी खोटं बोलू?"

जनूकाकांनी भाऊजींच्या हातातून नारळ काढून घेतला. फोडला नाही. तसाच काखेत मारला.

"इथे माझ्या हातून वेल लागणार नाही," ते म्हणाले. "दुसरी जागा बघ. आणि त्रिंबका, विचारून मग बोलत जा." मग त्यांनी पायाच्या अंगठ्याने ती माती उकरली. "माती मात्र झकास केलीय," हे कुणाकडे न बघता म्हणाले आणि कुंपणाबाहेर पडले. मागोमाग ते चौघेही गेले. गावात बातमी त्यांच्या आधी पोचली असणार.

भाऊजी दिवसभर पडवीत पाठ फिरवून बसले. मी खुंट्या उपटल्या, सुतळी गुंडाळून त्यांच्या शेजारी नेऊन ठेवली. आदल्या दिवशी उपटलेल्या वांग्यांतली जी जगण्यासारखी होती ती पुन्हा लावली. वहिनी न सांगता पाणी आणत होती. मी एवढंच म्हटलं, "आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी?" ती म्हणाली. "तुला वाटायचं, सगळं तूच करतेस."

दिवेलागणीला पान मांडलं. भाऊजी आले, बसले. वहिनीने भात वाढला, आमटी वाढली, आणि वांग्याची भाजी वाढली. त्यांनी उपटलेल्या झाडांवरची कोवळी वांगी आम्ही वाया जाऊ दिली नव्हती.

भाऊजींनी भाजीकडे बघितलं. "ही कुठली?"

"टोकाच्या मातीतली," वहिनी म्हणाली. "रोजचीच."

त्यांनी ताट ढकललं. हात न धुता उठले आणि बाहेर गेले.

आमच्यात पुरुषांचं जेवण आटोपल्याशिवाय बायकांनी पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. मला वाटलं, वहिनी आता त्यांच्या मागे जाणार, समजूत घालणार. तिने एकदा दाराकडे बघितलं. मग पदर खोचला, भाऊजींच्या पाटावर मांडी घालून बसली आणि ते ताट पुढे ओढलं.

"वाढ गो," ती म्हणाली. "भूक लागलीय."

मी तिला आणखी दोन वांगी वाढली आणि माझं ताट घेऊन तिच्यासमोर बसले.